मागेल त्याला कोअर

"ॲप्लिकेशन फार स्लो चालत आहे. कृपया चार कोअर आणि आठ जीबी रॅम वाढवून द्यावी." डेटा सेंटरमधल्या कुठल्याही ॲडमिनला विचारा, या मजकुराचं तिकीट त्याच्याकडे वरचेवर येतं. तिकीट टाकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घरचा पीसी रखडायला लागला की रॅमची एक पट्टी वाढवायची, ही आपली जुनी सवय. आणि तिथे ती बहुतेक वेळा लागूही पडते, कारण पीसीतला प्रोसेसर, रॅम, डिस्क हे सगळं एकट्याच्या मालकीचं असतं. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे व्हीएमच्या, मालकीचं असं काहीच नसतं. त्याला 'दिलेले' चार कोअर हे एक आश्वासन असतं. ते पुरं करायला खालचं लोखंड त्या क्षणी मोकळं असावं लागतं. त्यामुळे व्हीएमच्या बाबतीत किती दिलं हे विचारून भागत नाही. दिलेलं हातात पडायला किती वाट पाहावी लागली, हे विचारावं लागतं. या प्रकरणातली सगळी भानगड त्या वाट पाहण्याचीच आहे.

एक मोठं यंत्र अनेकांनी वाटून वापरायची ही कल्पना क्लाउडच्या कितीतरी आधीची. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात सीपी-40 आणि त्यापाठोपाठ सीपी-67 या प्रणाली तयार झाल्या. एकाच मेनफ्रेमवर बसलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे अख्खं स्वतंत्र यंत्र आहे असा भास त्या करून देत. 1972 मध्ये आयबीएमने हेच व्हीएम/370 या नावाने बाजारात आणलं. आपल्या नेहमीच्या इंटेल जातीच्या चिपवर मात्र हे जमायला बरीच वर्षं गेली. व्हीएमवेअर 1998 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने ते करून दाखवलं, तेही चिपची काही मदत नसताना. ती मदत इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये दिली. 2007 मध्ये याच कामाचं केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झालं. आज बँकेचं ॲप असो की तिकिटांचं आरक्षण, तुमचं काम बहुधा कुठल्या तरी व्हीएमवरच होत असतं.

या सगळ्यामागचं अर्थकारण साधं आहे. एका सर्व्हरवर एकच ॲप्लिकेशन ठेवलं तर तो दिवसाचा बराच वेळ रिकामा बसतो. मग एकाच लोखंडावर दहा-वीस व्हीएम बसवा, सगळ्यांना एकाच वेळी जोर येत नाही. हा 'एकाच वेळी येत नाही'चा भरवसा जिथे चुकतो, तिथून तक्रारी सुरू होतात.

आधी प्रोसेसर. समजा सर्व्हरला, म्हणजे होस्टला, 16 कोअर आहेत आणि त्यावर प्रत्येकी 4 कोअरचे 10 व्हीएम आहेत. कागदावर 40 कोअर वाटले गेले, हातात 16. यात गैर काही नाही. असं वाटप सगळीकडे चालतं. हायपरव्हायजर, म्हणजे होस्टवरचा वाटप करणारा थर, प्रत्येक व्हीएमला पाळीपाळीने खरा कोअर देतो. व्हीएमकडे काम तयार आहे, पण कोअर मोकळा नाही, अशा अवस्थेत गेलेल्या वेळाला व्हीएमवेअरच्या जगात रेडी टाइम म्हणतात. ॲडमिनने सर्वांत आधी बघावा असा आकडा हाच.

तो वाचायचा कसा तेही पाहू, कारण इथे भलेभले चकतात. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या प्रणालीतल्या चालू आलेखावरचा प्रत्येक बिंदू 20 सेकंदांचा, म्हणजे 20,000 मिलिसेकंदांचा हिशेब असतो. चार कोअरच्या व्हीएमसमोर रेडी 8,000 मिलिसेकंद दिसलं की पोटात गोळा येतो. पण ही चारही कोअरची बेरीज आहे. चाराने भागा, 2,000 आले. म्हणजे प्रत्येक कोअरमागे 10 टक्के वेळ नुसता ताटकळण्यात गेला. प्रत्येक कोअरमागे पाच टक्क्यांपर्यंत साधारण चालून जातं. दहाच्या आसपास वापरणाऱ्यांना जाणवायला लागतं. गंमत अशी, की व्हीएमच्या आत बसलेल्या विंडोजच्या टास्क मॅनेजरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं प्रोसेसर 40 टक्केच वापरात आहे. ज्या वेळात आपल्याला चालवलंच गेलं नाही, त्याचा हिशेब तो ठेवणार कसा? म्हणून आतला माणूस म्हणतो "लोड काहीच नाही, तरी स्लो", बाहेरचा म्हणतो "तुझा लोडच नाही, मग तक्रार कसली", आणि दोघेही आपापल्या स्क्रीनपुरते खरे बोलत असतात.

आता चार कोअर वाढवून दिले तर काय होईल? इथेच पीसीचा अनुभव उलटा पडतो. ऑपरेटिंग सिस्टीमची अशी समजूत असते, की आपले सगळे कोअर बरोबरीने पुढे सरकत आहेत. त्यातला एक कोअर एखादं कुलूप हातात धरून असताना हायपरव्हायजरने त्याला बाजूला बसवलं, तर बाकीचे ते कुलूप सुटायची वाट पाहत जागच्या जागी गरगर फिरत राहतात. प्रोसेसर तापतो, काम शून्य. हे टाळायला हायपरव्हायजर एका व्हीएमचे कोअर शक्यतो एका चालीत ठेवायला बघतो. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर चारही कोअर एकदम मोकळे मिळाल्याशिवाय चार कोअरचा व्हीएम हलतच नसे. एसटीत एकटा माणूस मिळेल त्या सीटवर बसून निघून जातो. आठ जणांच्या कुटुंबाने शेजारी-शेजारीच बसायचा हट्ट धरला तर त्यांना दोन गाड्या सोडाव्या लागतात. आवृत्ती 3 पासून हा हट्ट सैल झाला, पण संपला नाही. एक कोअर फार पुढे गेला तर मागचे येईपर्यंत त्याला थांबवलं जातं, आणि तो थांबलेला वेळ को-स्टॉप नावाने वेगळा मोजला जातो.

म्हणजे गर्दीच्या होस्टवर चाराचे आठ कोअर केले तर तो व्हीएम कधीकधी आधीपेक्षा सावकाश चालतो आणि शेजाऱ्यांनाही रखडवतो. उलट आठ कोअरच्या व्हीएमचे चार काढून घेतले आणि तो वेगाने धावू लागला, हा प्रकार या धंद्यातल्या लोकांना चांगला परिचयाचा आहे. पटवून देणं मात्र अवघड. "आमचे कोअर कापले" असा ईमेल वरच्या साहेबाला आधी जातो, ॲप्लिकेशन सुधारल्याचं नंतर लक्षात येतं.

कोअरच्या आकड्यात आणखी एक खाच आहे ती नुमाची. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये रॅमही दोन भागांत विभागलेली असते, प्रत्येक प्रोसेसरला जवळची अशी. स्वतःच्या बाजूच्या रॅमपर्यंत पोहोचायला कमी वेळ लागतो, पलीकडच्या रॅमपर्यंत जास्त. प्रत्येक बाजूला 8 कोअर आणि 128 जीबी असेल, तर 8 कोअर आणि 100 जीबीचा व्हीएम एका बाजूला सुखाने मावतो. 10 कोअरचा किंवा 160 जीबीचा दोन्हीकडे पसरतो, आणि मेमरीच्या अनेक फेऱ्या पलीकडे जातात. मोठ्या व्हीएमला ही विभागणी आतून दाखवायची सोय आहे, म्हणजे आतला डेटाबेस शहाणपणाने आपला डेटा जवळच्या बाजूला ठेवू शकतो. पण चालू व्हीएमला कोअर वाढवून देता यावेत म्हणून हॉट-ॲड सुरू करून ठेवलं, की व्हीस्फिअरमध्ये ही सोय बराच काळ आपोआप बंद पडत असे. "पुढेमागे लागेल" म्हणून लावून ठेवलेली ती एक टिक रोजच्या रोज वेग खात राहायची. हायपर-थ्रेडिंगबद्दल एवढंच, की एका कोअरचे दोन दिसले तरी काम दुप्पट होत नाही. वाटपाचा हिशेब खऱ्या कोअरवरच करावा.

मेमरीचं प्रकरण जास्त रंजक आहे. प्रोसेसरचा वेळ क्षणाक्षणाला काढून दुसऱ्याला देता येतो. मेमरीचं पान एकदा व्हीएमने घेतलं की हायपरव्हायजरला ते परत कसं मागावं हेच कळत नाही. कुठलं पान महत्त्वाचं आणि कुठलं नुसतं पडून आहे, हे आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक असतं, बाहेरच्याला नाही. बाहेरच्याने अंदाजाने एखादं पान डिस्कवर टाकलं, तर नेमकं तेच हवं असण्याची शक्यता बरीच. त्याहून विचित्र म्हणजे, तेच पान थोड्या वेळाने आतल्या सिस्टीमलाही नकोसं होतं. ती ते आपल्या स्वॅपमध्ये लिहायला काढते, आणि त्यासाठी ते आधी डिस्कवरून परत आणावं लागतं. आणायचं ते पुन्हा टाकण्यासाठीच.

यावर कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 मध्ये एका लेखात मांडलेला उपाय मला या क्षेत्रातला सर्वांत चतुर वाटतो. व्हीएमच्या आत एक छोटासा ड्रायव्हर बसवायचा, त्याचं नाव बलून. होस्टला मेमरी कमी पडली की तो या ड्रायव्हरला फुगायला सांगतो. ड्रायव्हर आतल्या सिस्टीमकडे साध्या प्रोग्रॅमसारखी मेमरी मागतो. सिस्टीम आपल्या अकलेने कमी गरजेची पानं सोडून त्याला जागा करून देते, आणि ती पानं ड्रायव्हर गुपचूप होस्टच्या स्वाधीन करतो. कुठलं पान सोडायचं हा निर्णय ज्याला कळतं त्याच्याकडेच राहिला. म्हणून ड्रायव्हर काढून टाकणं, तो बसवणारी व्हीएमवेअर टूल्सच न घालणं, हा शुद्ध अडाणीपणा आहे. बलून नसला तर होस्ट सरळ स्वॅपचा दांडपट्टा चालवतो.

त्याच लेखात एक 'रिकाम्या मेमरीवरचा कर'ही आहे. नुसती अडवून ठेवलेली मेमरी वापरातल्या मेमरीपेक्षा महाग धरायची. ईएसएक्समध्ये या कराचा दर मुळात 75 टक्के ठेवला होता. अर्थात कर वसूल होतो तो मेमरीची चणचण असेल तेव्हाच. शिवाय सारख्याच मजकुराची पानं अनेक व्हीएममध्ये सापडली तर त्यांची एकच प्रत ठेवायची युक्तीही त्यात होती. दहा विंडोज एनटी चालवणाऱ्या एका प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर तिने सुमारे 33 टक्के मेमरी वाचवली. पाच लिनक्सच्या दुसऱ्या सर्व्हरवर जेमतेम 7 टक्के. पुढे मेमरीची पानं 4 केबीऐवजी 2 एमबीची झाली, आणि एवढं मोठं पान तंतोतंत सारखं सापडणं दुर्मीळ झालं. त्यातच एका व्हीएमला शेजाऱ्याच्या गुप्त किल्ल्यांचा माग यातून काढता येईल अशी भीती संशोधकांनी दाखवली, तेव्हा 2014च्या अखेरीपासून व्हीएमवेअरने वेगवेगळ्या व्हीएममधली ही वाटणी मुळातून बंद ठेवायला सुरुवात केली. जुन्या होस्टवर 'मावत होतं' ते नव्यावर मावत नाही, याचं एक कारण हे.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र याहून कितीतरी साधी असते. तीही जवळून पाहू. कोणीतरी एकदा 4 जीबीचं टेम्प्लेट बनवतं आणि सावधगिरी म्हणून मेमरीची लिमिटही 4 जीबी घालून ठेवतं. दोन वर्षांनी त्यातून बनलेल्या व्हीएमला 16 जीबी करून दिले जातात. लिमिटचा रकाना वेगळ्या ठिकाणी असतो, तिकडे कोणी फिरकत नाही. आता आतली सिस्टीम 16 जीबी आहेत असं समजून चालते, होस्ट 4 जीबीच्या वर एक पान देत नाही, आणि मधले 12 जीबी बलून, कॉम्प्रेशन आणि स्वॅप यांच्यात लटकत राहतात. होस्टवर 100 जीबी रिकामी असली तरीही! डेव्हलपर कोड तपासतात, डीबीए इंडेक्स तपासतो, नेटवर्कवाल्याला उगाच बोलणी बसतात. एरवी पुरेशी मेमरी मोकळी असलेल्या होस्टवर एकाच व्हीएमचा बलून फुगलेला दिसला, तर आधी लिमिटचा रकाना उघडावा.

लिमिटची दोन भावंडं आहेत, रिझर्व्हेशन आणि शेअर्स. रिझर्व्हेशन म्हणजे काहीही झालं तरी एवढं याचंच. ते सरसकट वाटायला लागलं तर वाटून वापरण्याचा फायदाच जातो. पण जावावर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला मेमरीचं रिझर्व्हेशन द्यावंच, असं माझं मत आहे. जावाचा गार्बेज कलेक्टर मधूनमधून आपली हीप पिंजून काढतो, अगदी अनेक तास कोणी हात न लावलेले कोपरेसुद्धा. त्यातली काही पानं होस्टने डिस्कवर टाकलेली असली तर मिलिसेकंदांत संपणारी सफाई कित्येक सेकंद चालते, आणि तेवढा वेळ ॲप्लिकेशन गोठतं. डेटाबेसची स्वतःची कॅश असते, तिलाही हेच लागू.

शेअर्स म्हणजे चणचण असताना कोणाचा वाटा किती. हाय, नॉर्मल, लो यांचं प्रमाण 4:2:1. दिसायला सोपं, पण रिसोर्स पूलमध्ये फसवं. समजा हाय पूलला 8,000 शेअर्स आहेत आणि त्यात 20 सारखे व्हीएम कोंबलेत. नॉर्मल पूलला 4,000 आणि त्यात चारच. हायमधल्या प्रत्येकाच्या वाट्याला 400 आले, नॉर्मलमधल्याला 1,000. ज्याला त्याला 'आमचं महत्त्वाचं' म्हणून हायमध्ये बसवलं की महत्त्वाचेच उपाशी राहतात. पूल हे फोल्डरसारखे नावं लावून ठेवायला वापरू नयेत ते यासाठी.

डिस्कबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो, की जागा आहे म्हणजे सगळं आहे. जागेचा आणि वेगाचा संबंध फार थोडा. 7,200 फेऱ्यांची फिरती डिस्क एका फेरीला 8.3 मिलिसेकंद घेते. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंदांच्या वर, शिवाय डोकं सरकायचा वेळ वेगळा. सेकंदाला शंभरच्या आतबाहेर कामं, बस्स. एकच व्हीएम ओळीने वाचत असेल तर ही डिस्कही बरी पळते. पण वीस व्हीएम आपापल्या ओळीने वाचू लागले, की त्यांच्या मागण्या एकमेकींत मिसळतात आणि डिस्कच्या दृष्टीने सगळं विखुरलेलंच होतं. एसएसडीने हे दुखणं पुष्कळ हलकं केलं. रांग मात्र एसएसडीपुढेही लागते. अनियमितपणे येणाऱ्या कामांचं साधं गणित सांगतं, की यंत्रणा 80 टक्के व्यग्र असेल तर एका कामाला लागणारा एकूण वेळ मोकळ्या यंत्रणेच्या सुमारे पाचपट होतो, 90 टक्क्यांना दहापट. म्हणून 'अजून 10 टक्के शिल्लक आहेत' हे वाक्य दिलासा देणारं नाही. रात्री दोनला सगळ्या व्हीएमचा बॅकअप आणि अँटिव्हायरस स्कॅन एकदम लावणाऱ्यांनी हे गणित भिंतीवर चिकटवून ठेवावं.

स्नॅपशॉटलाही इथेच गाठायला हवं. अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो घेतल्यापासून प्रत्येक बदल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो, वाचताना दोन्हीकडे शोधावं लागतं, आणि फाइल फुगत जाते. एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं खुद्द व्हीएमवेअर सांगते. दिवाळीत घेतलेला होळीला सापडतो, तेव्हा तो पुसायलाच रात्र जाते.

नेटवर्क सहसा निर्दोष निघतं. खऱ्या कार्डाची नक्कल करणारा जुना ड्रायव्हर काढून व्हीएमसाठीच बनवलेला वापरावा, म्हणजे केव्हीएमवर व्हर्टआयओ आणि व्हीएमवेअरवर व्हीएमएक्सनेट3. एवढ्याने बहुतेक प्रश्न मिटतात. आणि एकदा सर्व्हरच्या बायोसमध्ये डोकावून वीजबचतीची सेटिंग पाहावी. प्रोसेसर डुलक्या घेत असेल तर वरच्या थरात कितीही कौशल्य दाखवून उपयोग नसतो.

आतापर्यंतचं सगळं होस्ट ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी झालं. क्लाउडवरच्या भाडेकरूला होस्ट दिसतही नाही, रेडी टाइम कुठला पाहणार? त्याला एक फट मात्र ठेवलेली आहे. लिनक्सवर टॉप चालवलं की प्रोसेसरच्या ओळीत शेवटी एसटी असा आकडा येतो (लाल डब्याशी याचा संबंध नाही). आपल्याला हवा होता, पण हायपरव्हायजरने दुसरीकडे वळवला, असा हा वेळ. शून्याजवळ असेल तर शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

तो वाढलेला असेल तरीही दोष दर वेळी शेजाऱ्याचा नसतो. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र 2016 मध्ये सुरू झालं आणि इथल्या छोट्या कंपन्यांना टी2 जातीची स्वस्त मशीन अगदी दाराशी मिळाली. ती स्वस्त का, हे ऑर्डर देताना फार थोडे वाचतात. टी2 मायक्रोला दर तासाला 6 क्रेडिट मिळतात, आणि एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण प्रोसेसर. दिवसभरात जास्तीत जास्त 144 साठतात. पूर्ण जोराने चालवलं तर तासाला 60 खर्च आणि 6 जमा. भरलेला गल्ला दोन तास चाळीस मिनिटांत रिकामा. त्यानंतर मशीनला प्रोसेसरचा 10 टक्केच वाटा मिळतो आणि एसटीचा आकडा वर चढतो. टी3मध्ये सहसा असं अडवलं जात नाही, त्याऐवजी जादा वापराचं बिल येतं. तेव्हा टी2वरची तुमची साइट सकाळी झकास चालून दुपारी ठरावीक वेळेला रखडत असेल, तर मोठं मशीन मागवण्याआधी क्रेडिट शिल्लकीचा आलेख उघडा. रेघ शून्याला टेकलेली दिसली तर निदान त्या दिवसापुरतं डेव्हलपरला घरी जाऊ द्या.